गोविंदा, तुझी प्रत कोणी ठरवली

गोविंदा, तुला तंजावरच्या डॉक्टरने फसवलं, आणि त्या डॉक्टरला मी फसवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक म्हणतात, दुसरी खरी असेल तर पहिली बोलायला मला तोंड नाही. मी बोलणार आहे.

परवा तुझं तेरावं झालं. तू कसा गेलास ते मी इथं लिहीत नाही. कुंभकोणममध्ये ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना त्याचा उपयोग नाही. पहाटे गेलास, एवढंच लिहितो, कारण पहाटेचा या हकिकतीशी संबंध आहे. तू पंचेचाळीस वर्षं माझा धाकटा भाऊ होतास, त्यातली अठ्ठावीस वर्षं आपण एका दुकानात पाठीला पाठ लावून बसलो, आणि शेवटी तुझ्यावरून मी जी घासाघीस केली तिच्याइतकी चोख घासाघीस मी आयुष्यात केली नव्हती.

आपले आजोबा राजवाड्याच्या भांडारखान्याच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडत. राज्य खालसा झालं, किल्ल्या गेल्या, कमरेला हात लावायची सवय तेवढी उरली. आपल्या वडिलांचं, अप्पांचं, सगळं आयुष्य त्या किल्ल्यांच्या गोष्टी सांगण्यात गेलं. मला गोष्टींचा राग होता. मी सोळाव्या वर्षी डोक्यावर पितळेची भांडी घेऊन साक्कोट्टै, इन्नंबूर अशी गावं पायाखाली घातली, फुटक्या भांड्यांची मोड घेतली, नवी भांडी दिली. तू माझ्यामागून चालायचास. मी बोलायचो, तू ऐकायचास. बाईनं मोड पुढं केली की तू बोटाच्या पेरानं एकदा टिचकी मारायचास आणि मान हलवायचास, एवढंच. पितळ की कांसं, भेसळ किती, चीर कुठं, सगळं तुला त्या एका टिचकीत कळायचं. मी भाव करत असे तो तुझ्या मानेकडे बघून.

इन्नंबूरची म्हातारी आठवते? तिला मी एक कांशाचं भांडं विकलं होतं. कडेखाली केसाएवढी चीर होती. तू मान हलवली नाहीस, मी तरी विकलं. अर्ध्या वाटेवर तू थांबलास.

"अण्णा, ते बद्द वाजत होतं."

"तिला काय ऐकू येतंय. ऐंशी वर्षांची आहे."

"मला येतंय की."

तू चांगलं भांडं घेऊन उन्हातून परत गेलास आणि चिरलेलं घेऊन आलास. मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू मला म्हणालास, "तू बोलत नसलास की मला गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं, आणि मग आपण दोघंही उपाशी मरू." मी हसलो. त्या चिरलेल्या भांड्यात तू पुढं दुकानातले खिळे ठेवायचास. ते अजून तिथंच आहे. तुझे आभार मी तेव्हा मानले नाहीत. आपल्या दुकानावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायला लागले ते तुझ्या त्या फेरीमुळं, माझ्या तोंडामुळं नव्हे, हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

आता क्रम सांगतो. या वेळी खरा क्रम सांगतो.

आधी तुझी झोप गेली. कार्तिक संपता संपता तू पहाटे, कोंबडं आरवण्याच्या कितीतरी आधी उठून मागल्या विहिरीच्या कट्ट्यावर बसायला लागलास. सुंदरा, तुझी बायको, मला म्हणाली, "भावोजी, हे सकाळी माझ्याकडे बघतात ते भिंतीकडे बघितल्यासारखं. संध्याकाळी जरा माणसात येतात." मग तुझ्या तोंडाची चव गेली. तू, जो आंबट वरणात चिंच कमी पडली तर पान सरकवायचास, तो समोर येईल ते गिळायला लागलास. मग तुला जुन्या गोष्टींचा त्रास सुरू झाला. साक्कोट्टैच्या कुणाला वीस वर्षांमागं डब्याचं झाकण दुसरंच गेलं होतं, ते तू मला तीनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा मी ओरडलो. तू म्हणालास, "बरं." एका शब्दाला तुला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाव सांगून मोकळा झालो होतो.

आणि मग, यानंतर, महिन्याभराने, तिरुप्पनंदाळच्या लग्नघरचा हंडा फुटला. भाताचा कांशाचा मोठा हंडा. तू टिचकी मारून पास केलेला. लग्नाच्या सकाळी चुलीवर त्याला तडा गेला आणि भात निखाऱ्यात गेला. मी जाऊन दुसरा हंडा दिला, हात जोडले, प्रकरण मिटलं. तू ती टिचकी मारलीस तेव्हा तुला काय ऐकू आलं, हे मी तुला विचारलंसुद्धा नाही.

सुंदरानं मला न विचारता आपल्या पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरला घरी बोलावलं. तिनं त्याला पहाटे बोलावलं. ती तुझ्या-माझ्यापेक्षा शहाणी आहे. त्यानं तुला विहिरीच्या कट्ट्यावर बसलेला पाहिला, तुझ्याशेजारी बसला, बराच वेळ काही विचारलंच नाही. मग मला ओट्यावर घेऊन आला.

"पुस्तकात उदासीचे दोन खण आहेत," तो म्हणाला. "एक बाहेरून आलेली. घरात मरण झालं, धंदा बुडाला, काही अपमान झाला, त्यातून येते, आणि दिवस गेले की उतरते. दुसरी आतून आलेली. तिला कारण नसतं. पहाटे जाग, सकाळी जड, संध्याकाळी हलकं, चव नाही, हालचाल मंद, नसलेल्या गुन्ह्यांची टोचणी. तुमच्या भावाची लक्षणं दुसऱ्या खणातली दिसतात. मद्रासच्या इस्पितळात दोन महिने ठेवा."

"वेड्यांच्या?"

"त्यांच्याच."

"आणि तुमची खात्री किती?"

तो हसला. "खरं सांगू? खण पुस्तकात आहेत. मी तीस वर्षांत जी माणसं पाहिली ती बहुतेक मधल्या फळीवर बसलेली होती. खण कुठला ते सोडून द्या. याला पहाटे एकटं ठेवू नका."

गोविंदा, ज्या माणसानं मला 'खात्री नाही' म्हणून सांगितलं त्याचं मी ऐकलं नाही. मी बाजारातला माणूस. विकणाराच मालाबद्दल डळमळीत बोलला तर मी दुसऱ्या दुकानात जातो. आणि तुझ्या मंजुळेचं लग्न ठरत होतं. आपली मराठी घरं या मुलखात किती उरलीत? वीस घरांत सोयरीक करायची. एका घरात शिंक आली तर एकोणीस घरांत कळते. मुलीचा बाप मद्रासच्या त्या इस्पितळात, हे कळलं असतं तर मुलाकडच्यांनी पान-सुपारीचं तबक परत पाठवलं असतं. मला दुसऱ्या खणाचा कागद नको होता. पहिल्या खणाचा हवा होता.

म्हणून तुला तंजावरला नेलं. सकाळची वेळ विक्रीची, म्हणून दुपारची गाडी धरली. डॉक्टरपुढं तू बसलास तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. पहाटेपासून सगळ्यात लांबची वेळ. तुझा चेहरा जरा उघडला होता. तू वाटेत शेंगासुद्धा खाल्ल्यास.

डॉक्टर तरुण, इंग्रजी शिकलेला, स्वच्छ. त्यानं तमिळमध्ये विचारलं, "कसं आहे?" आणि तू, अठ्ठावीस वर्षं बाजारात बसलेला, जे तोंडात बसलं होतं तेच म्हणालास. "नल्ला इरुक्केन." बरा आहे. काही त्रास? "ओण्णुमिल्लै." काही नाही. वर हात जोडून हसलास. आपण सगळे तसंच करतो. उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि तमिळमध्ये आपण सगळे बरे असतो. दुःख, भांडण, बाळंतपण, मरण, सगळं घरातल्या मराठीत. अप्पा गेले तेव्हा दारावर आलेल्या लोकांशी तू तमिळमध्ये पावसापाण्याचं बोललास आणि आत येऊन कोसळलास. त्या डॉक्टरनं तुला ज्या भाषेत तपासलं त्या भाषेत तू कधी आजारी नव्हतासच. मी शेजारी बसलो होतो. मला हे कळत होतं. मी गप्प राहिलो, कारण सौदा माझ्या बाजूनं चालला होता.

मग त्यानं माझ्याकडं वळून मोलाचा प्रश्न विचारला. "हे सुरू होण्याआधी काही घडलं होतं का?"

"घडलं ना," मी म्हणालो. हंड्याची हकिकत सांगितली. तिखट-मीठ लावून सांगितली. भर लग्नात तडा, भात निखाऱ्यात, शेकडो लोक पंक्तीत बसलेले, वधूपित्यानं चारचौघांत केलेला अपमान. अपमान कोणी केला नव्हता.

"आणि त्याआधी हे ठीक होते?"

"उत्तम."

तू मान वळवून माझ्याकडं पाहिलंस. टिचकी मारल्यावर पाहायचास तसं. बद्द.

डॉक्टर थोडा घुटमळला. म्हणाला, पहाटे जाग येते असं सुरुवातीला तुम्हीच सांगितलंत, त्याचं काय, चव गेल्याचं काय. मी म्हणालो, साहेब, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची इभ्रत गेल्यावर तो पहाटे उठणार नाही तर काय? आणि तुमच्यासमोर हसतोय, बोलतोय, शेंगा खातोय. आतून मेलेला माणूस शेंगा खातो? तो म्हणाला, हेही खरं. मी पाहिलं की तो माझ्या बाजूला झुकतोय, आणि झुकणाऱ्याला मी कधी सोडलेलं नाही. अर्ध्या तासात कागद हातात पडला. कारणातून आलेली उदासी, सौम्य प्रकार, हवापालट, दूध, हलकं काम. खाली सही.

परतीच्या गाडीत तू बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतास. मग आपल्या मराठीत म्हणालास, "अण्णा, तू क्रम उलटा सांगितलास."

"काय फरक पडतो?"

"हंडा फुटला म्हणून मला असं झालं नाही. मला असं झालं म्हणून हंडा फुटला. टिचकी मारली तेव्हा मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बरेच दिवस येत नव्हतं. मी नुसती मान हलवली."

"गप्प बस. स्वस्तात सुटलास."

"मला विचारायचंस तरी," तू म्हणालास. "मी मद्रासला जायला तयार होतो. मला जायचं होतं."

मी खिशातला कागद चाचपला. मला वाटलं, दमला आहेस म्हणून बोलतोस. तेव्हापासून हा वाद अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा आता मला एकट्याला घालावा लागतो. त्यात कधी मी जिंकत नाही.

कागदानं आपलं काम केलं. मी तो मुलाकडच्यांना दाखवला, त्यांनी वाचून घेतला, तबक त्यांच्याकडेच राहिलं. सुंदरा तेव्हा रोज तुझ्या खोलीच्या दारात आडवी निजायची, तू उठलास की तिच्या अंगावरून जावं लागावं म्हणून. मी तिला म्हणालो, "आता हे नक्को. सौम्य प्रकार आहे, कागद आहे. दारात बाई निजते हे मोलकरणीनं कुठं बोललं तर कागदाला अर्थ राहायचा नाही." ती म्हणाली, "कागद पहाटे उठतो का, भावोजी?" मी आवाज चढवला. ती उठून आत गेली. एकोणीस दिवस दार मोकळं राहिलं.

लग्न मोडलं ते मोडलंच. तबक तुझ्या दहाव्याला परत आलं, मंजुळेनं ते स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं. ती मला मोठे अप्पा म्हणते, अजून म्हणते. पण म्हणताना माझ्याकडं बघत नाही.

गेल्या मंगळवारी मी तंजावरला गेलो. डॉक्टरला सांगितलं, माझा भाऊ गेला. त्याला खरंच वाईट वाटलं, हे मी कबूल करतो. मग मी कागद पुढं ठेवला. त्यानं वाचला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मग तो दुसराच प्रकार असला पाहिजे. आतला."

गोविंदा, हे तू ऐकायला हवं होतंस. मी दुकानात असं कधी ऐकून घेतलं नसतं. आपण पितळ वेगळं ठेवतो, कांसं वेगळं ठेवतो ते नावं वेगळी म्हणून नव्हे. कल्हई उडालेल्या पितळेत चिंचेचं काही ठेवलं तर ते संध्याकाळपर्यंत कळकणार, हे सकाळीच ठाऊक असतं म्हणून. पुढं काय होणार ते आधी सांगता येतं, म्हणून प्रत. भांडं फुटल्यावर जो म्हणतो, फुटलं म्हणजे ते हलक्या प्रतीचंच असणार, त्याला पारख नाही. त्याच्याकडे नुसत्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्या तो मागाहून चिकटवतो. आणि एकच भांडं दोन पारखी दोन प्रतींत टाकत असतील तर बाजार भांड्याला हसत नाही.

मी हे सगळं त्याला बोललो. आवाज चढवून बोललो, बाहेरची माणसं दारात जमली. तो शांत होता. म्हणाला, "कारण आधी घडलं, असं तुम्हीच सांगितलंत."

तिथून घोड्याच्या जटक्यात बसून स्टेशनवर आलो.

पण त्या दिवसापासून मी एकच गोष्ट घोळवतो आहे. मी खोटं बोललो, बरं. मी खोटं बोलणाराच माणूस आहे, माझा धंदा तो. पण एका भांडीवाल्याच्या एका खोट्या वाक्यानं जी वाटणी इकडची तिकडं होते, जिच्यात चार वाजता तपासलं तर एक आणि पहाटे तपासलं तर दुसरं, तमिळमध्ये विचारलं तर एक आणि मराठीत विचारलं तर दुसरं, ती वाटणी कसली? तिच्यावर सही कोणी केली? मला ती विकत घेता आली, कारण ती विकायला ठेवली होती. पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं सांगितलं ते तिसरं होतं. खण कुठलाही असो, एकटं ठेवू नका. त्याला खणाचं नाव लागत नव्हतं, कागद लागत नव्हता, फक्त दारात निजणारं एक माणूस लागत होतं. ते आपल्याकडे होतं. मी त्याला उठवलं.

आता माझं सांगतो. तू गेल्यापासून मला पहाटे जाग येते, कोंबड्याआधी. वरणाला चव नाही. काल दुकानात कांशाच्या भांड्याला तुझ्यासारखी टिचकी मारून पाहिली. मला तसंही तुझ्याएवढं कधी कळलं नाही, पण काल आवाजच आला नाही, नुसतं बोट दुखलं. पहिल्या गिऱ्हाइकाला मी पहिल्याच भावाला माल दिला. ती बाई माझ्याकडं संशयानं बघत राहिली. लक्षणं सगळी तुझी, एकही कमी नाही. पण मला कारण आहे, आणि ते आधी घडलं आहे, यात घासाघीस नाही. म्हणजे त्या पुस्तकाप्रमाणं माझं सौम्य. तुझं जड, माझं सौम्य, आणि आतून सगळं एकच.

सुंदरा कालपासून माझ्या दारात आडवी निजते. तिला कोणी सांगितलं नाही. मी तिला नक्को म्हणालो नाही. तुझ्यासाठी जी जागा मी मोकळी केली तिथं ती माझ्यासाठी निजते, आणि तिनं मला माफ केलेलं नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळतं.

ती कधी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. तो कागद माझ्या पेटीत आहे, त्यावर सही आहे. सही करणाऱ्यानं कुंभकोणमला यावं. दुपारी चार वाजता नव्हे, पहाटे यावं. मीही उभा राहीन, त्याच्या शेजारी, आरोपीच्या बाजूला. सुंदरा आणि मंजुळा समोर बसतील. आणि त्यानं मला नव्हे, त्या दोघींना, त्यांच्या भाषेत सांगावं की गोविंदा कुठल्या प्रतीचा होता, हे त्याला त्या दिवशी कशावरून कळलं. कळलं नव्हतं, तर सही का केली?